शेवटच्या दिवशीच्या पंधरा फाइली

"तीस तारखेले सहा वाजता गळ्यात हार, आन् सहा वाजून पाच मिनिटांनी हातात पेन्शनची ऑर्डर! असा रिटायर होणारा महाराष्ट्रातला मी पहिला माणूस राहीन. लिहून ठेवा!"

नगरपरिषदेचे आस्थापना लिपिक केशोराव बिसेन यांनी टेबलावर मूठ आपटून ही घोषणा केली. मूठ नेमकी शाईच्या पॅडवर बसली. मग महाराष्ट्रातला पहिला माणूस अर्धा तास नळापाशी जांभळा हात घेऊन उभा राहिला. नळ नगरपरिषदेचाच असल्यामुळे त्याला पाणी नव्हतं.

तरी घोषणेत दम होता, हे मान्य केलं पाहिजे. गावात जो कोणी नगरपरिषदेतून निवृत्त होई, त्याची पेन्शन, उपदान, उरलेल्या रजेचा पगार, सगळं केशोरावांच्या टेबलावरून पुढं जायचं. जायचं म्हणजे तिथं मुक्काम करायचं. एकोणतीस वर्षांत त्यांनी झाडूवाल्यांपासून अभियंत्यांपर्यंत सगळ्यांना निरोप दिला, पण एकाचीही फाइल पहिल्या खेपेला सोडली नाही. "पहिल्याच खेपेले पास केली का माणसाले तिची कदर राहत नाही," असं त्यांचं मत होतं. लोकांना कदर करायला शिकवता शिकवता त्यांनी दोन-तीन जणांना थेट वर पाठवलं होतं. त्यांच्या फाइली अजून खालीच होत्या.

त्यांची एक पद्धत होती. फाइलीचं फक्त शेवटचं पान उघडायचं. 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' असा शिक्का मारायचा, तीन त्रुटी लिहायच्या, सही ठोकायची. पहिलं पान बघायचंच नाही, कारण तिथं नाव असतं.

"नाव वाचलं का माया लागते," ते हाताखालच्या उमेंद्रला सांगत, "आन् माया लागली का त्रुटी दिसत नाही. समजलं?"

पंचेचाळीस वर्षांचा उमेंद्र हे वहीत उतरवून घेई. खाली लाल रेघही मारी.

तीस तारीख उजाडली. केशोराव नवा सफारी घालून आले, तर टेबलापुढं सुशिलाबाई उभ्या. शहराची तीस वर्षं झाडलोट करून बाई निवृत्त झाल्या, त्याला चौदा महिने होऊन गेले होते. कोहमाऱ्याला लेकीकडं राहत होत्या आणि दर पंधरवड्याला बसनं इथं येत होत्या.

"साहेब, तुमी तं आज चालले. माही फाइल तेवढी काढून जा ना जी."

"होते बाई, होते. घाई कायले करून राहिल्या?"

"घाई? चौदा महिने झाले ना बाप्पा! मागच्या खेपेले तुमी मनले, जिवंत असल्याचा दाखला आणा. मी तं समोरच उभी होती!"

"समोर उभं राहणं वेगळं, आन् कागदावर उभं राहणं वेगळं," केशोराव म्हणाले. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते उमेंद्रकडं बघून पुन्हा एकदा म्हटलं. उमेंद्रनं वही काढली.

तीन वाजता वरून मुख्याधिकारी रेणू मॅडमनी केशोरावांची स्वतःची फाइल खाली पाठवली. वर शेरा होता : 'आस्थापनेने तपासून आजच सादर करावे.' आता आस्थापना म्हणजे केशोराव. शिपायानं नेहमीप्रमाणे ती ढिगात खुपसली.

साडेचारला केशोराव टेबल साफ करायला बसले. एका हातात फोन, फोनवर दरेकशाचे साडू. "हो जी, जिलेबी आहे! पोट्टेसाट्टे सगळे घेऊन या!" दुसऱ्या हातात शिक्का. धप्प! त्रुटी. धप्प! त्रुटी. साडूंची माणसं मोजून होईपर्यंत पंधराच्या पंधरा फाइली परतीच्या वाटेला लागल्या. पाच वाजता त्यांनी सहीनिशी उमेंद्रकडं चार्ज दिला आणि मिशीवरून कंगवा फिरवला.

सभागृहात हार झाला, शाल झाली, नारळ झाला. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या.

"केशोरावांच्या नजरेतून कधी कोणाची त्रुटी सुटली नाही. आजच मला कळलं, स्वतःचीसुद्धा नाही."

टाळ्या! केशोरावांनीही दोन वाजवल्या. तिसरी हवेतच राहिली.

मॅडमनी फाइल पुढं केली. "अहो, हे काय केलंत? ही तुमचीच सही ना? एक, अर्जदाराची ओळख पटत नाही. दोन, पहिल्या नेमणुकीवेळचा वैद्यकीय दाखला मूळ प्रतीत जोडावा. तीन, सर्व विभागांचे ना-देय दाखले नव्याने घ्यावेत."

"खोडतो ना मॅडम! पेन द्या!"

"तुम्ही आता कसे खोडणार? चार्ज दिलात ना? उमेंद्रना खोडू दे."

केशोराव हार सांभाळत जिना उतरले. उमेंद्र नव्या खुर्चीत पहिल्यांदाच टेकला होता. त्यानं फाइल घेतली आणि शिकवल्याप्रमाणे शेवटचं पान उघडलं.

"अरे, उमेंद्र बाबू, ते माही फाइल आहे!"

उमेंद्रनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "सर, नाव नोका सांगू! माया लागन!"

"अबे, पण मी समोर उभा आहो ना!"

"समोर उभं राहणं वेगळं, सर..."

"वही फेक थे! सहा वाजले! खोड लवकर!"

"कसा खोडू जी? ज्यानं त्रुटी काढली त्याचा खुलासा लागते. आन् थो माणूस तं आता नोकरीत नाही." उमेंद्रनं विचार केला, शिक्का उचलला आणि सावकाश चौथी त्रुटी लिहिली : 'सदर त्रुटी काढणारा लिपिक निवृत्त झालेला असल्याने त्याचा शोध घेऊन लेखी खुलासा अर्जदाराने सादर करावा.'

धप्प!

सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

केशोराव बाहेर आले. बगलेत नारळ, हातात फाइल. पायरीवर सुशिलाबाई शेवटच्या बसची वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्याही मांडीवर फाइल होती, शिक्का ओला होता.

"तुमची बी परत आली काजी?"

केशोराव सफारीची इस्त्री न बघता शेजारी टेकले.

"पहिल्या खेपेले लई लागते," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यापासून काही वाटत नाही."

केशोरावांनी फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. एकोणतीस वर्षांत त्यांनी हजारो अर्ज परत पाठवले होते. लिहिला मात्र एकही नव्हता. त्यांनी मागं वळून उमेंद्र ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणला.

"बाई, अर्जाची सुरुवात कशी करत असतात जी? जराशी सांगता का?"