कूलिकची बोलती बंद

निघताना मार्व्हाने नवऱ्याला दारातच बजावलं, "एल्डन, यंदा फक्त चेंडू झेलायचे. तोंड उघडायचं नाही. कोणाला शहाणपण शिकवायचं नाही, कोणाला काही विचारायचं नाही. पुन्हा हाकललं तर बाबांच्या दुकानात बसावं लागेल, सांगून ठेवते."

बाबांचं दुकान गालिच्यांचं. 'जावयाला साधा गालिचा गुंडाळता येत नाही,' असं सासरे ओमाहातल्या गिऱ्हाइकांना हसत हसत सांगत. एल्डन कूलिक बेसबॉलमधला कॅचर होता, म्हणजे फटकेबाजाच्या मागे उकिडवं बसून पिचरने, म्हणजे चेंडूफेक्याने, टाकलेले चेंडू झेलायचे. हात सोन्यासारखे. पण आजवर प्रत्येक संघाने त्याला बडबडीपायीच नारळ दिलेला. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. फेरीमेन संघाने सरावापुरतं बोलावलं होतं. जमलं तर जमलं, नाहीतर गालिचे. एल्डनने मनाशी पक्कं केलं, जीव गेला तरी बोलायचं नाही.

ॲरिझोनातल्या त्या स्टेडियमला भाडेकरू दोन, फेरीमेन म्हणजे नावाडी आणि हेरन्स म्हणजे बगळे. मधलं मोठं मैदान आळीपाळीने वापरायचं आणि दोन्ही अंगांना दोघांची सरावाची मैदानं, अगदी एकसारखी. शर्टही दोघांचे निळेच. एकाचा निळा जरा गडद होता म्हणे, पण मार्चमधल्या त्या उन्हात तो फरक शिवणाऱ्यालाच कळावा.

टॅक्सीवाल्याने एका दाराशी सोडलं. 'हेच का फेरीमेनचं दार?' हा प्रश्न एल्डनच्या ओठांवर आला आणि त्याने तो निग्रहाने गिळला. दार हेरन्सचं होतं.

"कॅचर का रे?" दारावरच्या म्हाताऱ्याने त्याचा जाडजूड ग्लव्ह पाहून विचारलं.

एल्डनने मान डोलावली.

"मग उभा काय राहिलास? आत पिचर लोकांनी डोकं उठवलंय!"

या दिवसांत पिचरांचं पीक उदंड आणि कॅचरांचा दुष्काळ, त्यामुळे कॅचरला नावगाव कोणी विचारत नाही. एल्डनच्या अंगावर एक शर्ट फेकला गेला. छातीला कवच आणि तोंडावर जाळी चढली, की बायकोलाही नवरा ओळखू येत नाही.

एल्डन जीव तोडून झेलत राहिला. एका पिचरचे चेंडू भलतीकडेच जात होते. कोपर खाली पडत होतं, हे एल्डनला लगेच दिसलं. त्यावर त्याच्यापाशी तासाभराचं भाषण तयार होतं. त्याने नुसतं आपल्या कोपराला बोट लावून दाखवलं. पुढचा चेंडू थेट ग्लव्हमध्ये.

"सोन्यासारखा माणूस आहे रे हा!" पिचर ओरडला. "नाहीतर आमचे कॅचर, आधी अर्धा दिवस बोलतात!"

दुपारी हेरन्सचे मॅनेजर ग्रेडी यांनी त्याला खोलीत बोलावलं.

"बस. वाईट वाटून घेऊ नकोस. एक कॅचर कमी करायचाय. बाकीच्यांच्या बायकापोरांना मी ओळखतो, त्यांना काढायचं जिवावर येतं. तुझं तर नावही मला ठाऊक नाही. तेव्हा तूच जा बाबा."

एल्डनच्या डोळ्यांपुढे गालिचे उलगडू लागले. त्याने वर पाहिलं, तर भिंतभर एक बगळा रंगवलेला.

"हा बगळा कोणाचा?"

"आपला. म्हणजे, आता आमचा."

"पण फेरीमेनची तर होडी असते!" एल्डन उडालाच. "साहेब, म्हणजे मी तुमचा नाहीच! तुम्ही मला काढूच शकत नाही!" ग्रेडींचा हात गदागदा हलवून तो पळत सुटला. ग्रेडींनी आजवर खूप जणांना काढलं होतं, पण इतका खूश झालेला हा पहिलाच.

मधलं मैदान ओलांडून एल्डन पलीकडे पोचला. फेरीमेनचे मॅनेजर व्हिटलॉक कुंपणाशी दुर्बीण लावून उभे होते. शेजाऱ्याच्या मैदानात डोकावणं हा तिथला जुनाच रिवाज.

"साहेब..."

"मध्ये बोलू नकोस," ते वळूनही न बघता म्हणाले. "आधीच डोकं फिरलंय. तो कूलिक पहिल्याच दिवशी गैरहजर! दिला नारळ. फोनवर एवढा वेळ माझं डोकं खाल्लं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. आणि शेजाऱ्यांचा तो कॅचर बघ. काय हात, काय बैठक! सकाळपासून कोणाशी चकार शब्द नाही. असा माणूस हवा. आत्ता कुठे गडप झाला कोण जाणे."

एकाच दिवशी एल्डनला दोन्हीकडून डच्चू मिळाला होता. टॅक्सी, दार, म्हातारा, बगळा, सासरे, सगळं सांगायला जीभ वळवळली. त्याने जाळी खाली ओढली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी तिथेच बैठक मारली.

गुडघ्यांच्या आवाजाने व्हिटलॉक वळले. "अरे, हाच की तो! काढलं की काय तुला?"

एल्डनने मान डोलावली.

"गाढव आहेत लेकाचे! नाव काय रे तुझं?"

खरं नाव सांगावं, तर पुन्हा नारळ. खोटं नाव सांगावं, तर आणखी किती बोलावं लागेल कोण जाणे.

"कूलिक."

व्हिटलॉकनी त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा इवलासा बगळा पाहिला. मग लांब पलीकडचं हेरन्सचं दार पाहिलं.

"काही सांगायचंय?"

एल्डनने जाळीमागे तासाभराचं भाषण गिळलं.

"नाही."

"मग उद्या सकाळी ये. या दाराने."

संध्याकाळी मार्व्हाचा फोन आला. "कसं झालं?" एवढंच तिने विचारलं, आणि मग रात्रीचं जेवण गार होईपर्यंत तिला काही बोलायची सवड मिळाली नाही.