गेंदीबाई, जरा सरकता का?

शिबिराच्या दुसऱ्याच संध्याकाळी सईनं घरी फोन लावला आणि आजीला लाडानं विचारलं, "काय गं सटवे, जेवलीस का?"

दहा मिनिटांत श्रीधरचा फोन वाजला. सईची आई, संध्याताई, बोलत होत्या.

"माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला आम्ही निसर्ग बघायला पाठवलंय. सासूबाई तेव्हापासून देवासमोर बसून आहेत. रविवारी मी येतेय. भाषा सुधारलेली दिसली नाही, तर सईला घेऊन जाईन. आणि का नेलं, तेही पालकांच्या ग्रुपवर लिहीन."

वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडून श्रीधरनं पिशोरजवळच्या वडिलांच्या शेतावर हे पहिलंच उन्हाळी शिबिर घेतलं होतं. छत्रपती संभाजीनगरची सोळा मुलं, आठ दिवस आणि जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे खरंखुरं शेत. ते खरंखुरं शेत बावीस वर्षं चालवत होत्या मनकर्णाबाई. श्रीधर तडक गोठ्यात गेला.

"बाई, पोरांसमोर शिव्या देऊ नका."

"म्या कुठं शिव्या देते?"

"सकाळी गेंदीला काय म्हणालात?"

गेंदी म्हणजे म्हैस. मनकर्णाबाईंनी आठवून पाहिलं. "काळतोंडे म्हनले. सटवे म्हनले. ती शिवी हाय व्हय? ते तर मायेचं बोलणं."

"आणि आपल्या गड्याला, कडूबाला?"

"मुडद्या. त्याला दुसरं काय म्हनू?"

श्रीधरनं हात जोडले. बाईंनी शब्द दिला, आणि त्या दिलेल्या शब्दाला लई पक्क्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढताना सोळा मुलं भोवती उभी होती. मनकर्णाबाई म्हणाल्या, "गेंदीबाई, जरा सरकता का?"

गेंदीचा रवंथ थांबला. तिनं मान वळवून बाईंकडे नीट पाहून घेतलं. रोज बादली भरणाऱ्या म्हशीनं पान्हा चोरला तो चोरलाच. जेमतेम पेलाभर दूध निघालं.

शिबिरातल्या याह्यानं हळूच विचारलं, "सर, भैंस नाराज है क्या?"

मुलं कोरा चहा पिऊन बैलगाडीत बसली. मनकर्णाबाईंनी कासरा हातात घेतला आणि म्हणाल्या, "चला बरं, बाळांनो." ही हाक बैलांना नवी होती. ते ढिम्म हलले नाहीत. शेवटी बैल सोडून मुलांनीच गाडी विहिरीपर्यंत ढकलत नेली. बैल मागून सावकाश आले.

दुपारी कडूबाची पाळी आली. तो शेतावरचा जुना गडी. आल्याच्या शेताच्या बांधावरून बाईंचा आवाज आला, "कडूबा, अद्रकीला पाणी सोडता का?"

कडूबाच्या हातातलं फावडं गळून पडलं. "बाई, माझं काय चुकलं?"

"काय नाय. तुम्ही लई चांगलं काम करता."

त्या 'तुम्ही'नं त्याचा धीर सुटला. संध्याकाळी पिशवीत कपडे कोंबून तो श्रीधरसमोर उभा राहिला. "बावीस वर्षांत बाई मला कधी अशा बोलल्या नाय. काढायचंच ठरवलं असंल तर मीच जातो." आणि जीप पकडून तो कन्नडला बहिणीकडं निघून गेला.

मग पाणी सोडायला श्रीधर गेला. सगळं पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं. रविवारपर्यंत मुलांना दूध नव्हतं, अद्रकीला पाणी नव्हतं आणि श्रीधरला झोप नव्हती.

रविवारी संध्याताई आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात नाजूक चपला. सईची पिशवी त्यांनी आधीच गाडीत ठेवायला लावली. गोठ्यात मनकर्णाबाई आदबीनं विनवत होत्या, "गेंदीबाई, द्या ना थोडं." ते ऐकून संध्याताईंचा चेहरा जरा निवळला. फोटो काढायला त्या पुढं सरकल्या, आणि गेंदीनं आपला खूर त्यांच्या पायावर ठेवला. ठेवला आणि तिथंच विसरली.

"गेंदीबाई, पाय उचलता का?" मनकर्णाबाई घाबरून म्हणाल्या.

संध्याताई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या. आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते थेट गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. "अगं ए काळतोंडे! उचल तो खूर! खाऊन खाऊन माजलीस व्हय गं, भवाने? शेपटी पिरगाळून हातात देईन!"

गेंदीनं पाय उचलला. पुढच्याच क्षणी बादलीत धारा चळचळ वाजू लागल्या.

मनकर्णाबाईंनी धारा न थांबवता विचारलं, "माहेर कुठलं म्हनायचं, ताई?"

"लासूर स्टेशन," संध्याताई पाय चोळत पुटपुटल्या. "अकरा म्हशी होत्या आमच्याकडं. पंधरा वर्षं झाली, कासेला हात नाय लावला."

मनकर्णाबाई पाटावरून उठल्या आणि त्यांनी जागा करून दिली. बाहेर जाऊन आधी त्यांनी फोन लावला, "कडूबा, मुडद्या, कुठं उलथलास?" पलीकडून रडवेला आवाज आला, "निघालोच, बाई!"

तासभर झाला तरी संध्याताई गोठ्यातून बाहेर येईनात. गाडीत बसून कंटाळलेल्या सईनं शेवटी आईच्या पर्समधला फोन काढला.

"बाबा, आई यायला नाही म्हणतेय. ती म्हशीशी बोलत बसलीय."

"काय बोलतेय?" हिमांशूनं विचारलं.

सईनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"ते मला नाही सांगता येणार, बाबा. इथं तसं बोलायला बंदी आहे."