सदर गाडी, ऊर्फ सायकल

आमच्या वरच्या मजल्यावरचे रविंद्रभाऊ लकडगंजात एका लाकडाच्या टालीवर कामाला. दिवसभर उभ्याचं काम, त्यात जाऊन-येऊन चौदा किलोमीटर सायकल. पन्नाशीत त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. नोकरी सोडायची की गुडघे, एवढाच प्रश्न उरला. तेव्हा भाऊंनी जुन्या सायकलला दोन्ही पायडलांच्या मधोमध बसणारी मोटर लावून घेतली. पाय नुसता फिरवायचा, बाकीचं मोटर बघते. नवरा पहिल्यांदाच न कण्हता जिना चढला, याचं सुमतीवहिनींना इतकं कौतुक की त्यांनी मोटरला हळदकुंकू लावलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्याकडे दोन चाकांचं काहीही नवं आलं की माणूस त्याला गाडीच म्हणतो. त्यात भाऊ ऐन आनंदात. खाली सोसायटीचे सचिव देवरावजी दिसले, तर भाऊ म्हणाले, "देवरावजी, गाडी केली! सायकल स्टँडात लावून राहिलो."

झालं! देवरावजी सरकारी कचेरीतून निवृत्त. कानावर आलेला शब्द ते आवक रजिस्टरात चढवल्यासारखा ऐकतात.

"गाडी असंल तर नंबर पाहिजे," ते म्हणाले. "बिननंबरी गाडी आवारात चालत नाही."

"सायकल आहे न जी ते! सायकलले कुठं नंबर राह्यते?"

"मंग गाडी काहून म्हणाले तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: 'सदर वस्तू गाडी असल्यास नंबर सादर करावा. सायकल असल्यास ती पायाने चालते हे सिद्ध करावे. तोवर सदर वस्तू साखळीने बांधून ठेवण्यात येत आहे.'

भाऊंनी डॉक्टरांचा दाखला आणला. गुडघे झिजलेत, ताण देऊ नये, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. देवरावजींनी तो तीनदा वाचला आणि मनापासून हळहळले.

"इतके खराब झाले गा गुडघे? मंग तर तुमाले सायकल चालवताच येत नाही. अन् ज्याले सायकल चालवता येत नाही, त्याले सायकल स्टँडात जागा कशी देऊ, सांगा बरं?"

भाऊंनी दाखला खिशात घातला. रविवारी सकाळी चाचणी ठरली. बॅटरी काढून आवाराला पाच फेऱ्या. सगळी सोसायटी चहाचे कप घेऊन गॅलरीत उभी, आणि खोटं कशाला बोलू, मीही होतो. तिसऱ्या फेरीला भाऊंचा चेहरा पाहवेना.

"उतरा न जी! आग लागो त्या स्टँडाले!" सुमतीवहिनी वरून ओरडल्या.

भाऊ उतरले नाहीत. साखळी सुटायला हवी होती ना! पाच फेऱ्या पुऱ्या केल्या आणि भिंतीला धरून उभे राहिले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"पास!" देवरावजींनी जाहीर केलं. संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर नऊ कलमी ठराव आला. पहिल्या कलमात सायकल ही सायकलच असल्याचं मान्य केलेलं, दुसऱ्यात भाऊंच्या जिद्दीचं अभिनंदन. आणि सातव्यात असं: 'चाचणीत सदर सभासदाचे गुडघे सक्षम आढळल्याने मोटरची आवश्यकता उरत नाही. ती आठ दिवसांत काढावी, अन्यथा जागा रद्द.'

मोटर निघाली. भाऊ दहा दिवस दात-ओठ खात टालीवर गेले. अकराव्या दिवशी पलंगावरून उठताच येईना. पंधराव्या दिवशी टालीवर दुसरा माणूस लागला.

माझं डोकंच फिरलं. तसाच देवरावजींच्या दारात जाऊन उभा राहिलो. "माणसाची नोकरी घालवली तुम्ही! हे मंजूर कोणी केलं?"

त्यांनी शांतपणे मोबाईल पुढे केला. ठरावाखाली बेचाळीस अंगठे होते. सोळावा माझा. मी अभिनंदनापर्यंतच वाचलं होतं.

आमच्या आजोबांना अक्षर येत नव्हतं, म्हणून ते अंगठा उठवत. पण त्याआधी चार जणांकडून कागद वाचून घेत. तुम्ही नका हसू. परवा तुमच्या ग्रुपवर आलेल्या ज्या ठरावाला तुम्ही अंगठा दिलात, त्याचं सातवं कलम सांगता का जरा?