अलार्म्ड होण्याचा अधिकार

आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की बाकीचे लोक शिव्या घालतात. सबनीस काका 'डिसअपॉइंटेड' होतात. दुसऱ्या दिवशीही ती बंदच असली तर 'डिसमेड'. तिसऱ्या दिवशी जिना चढताना मी धापा टाकत म्हटलं, "काका, आता अपॉल्ड व्हायला हरकत नाही." तर ते मधल्याच पायरीवर थांबले.

"बिल्कुल नाही! अपॉल्ड व्हायला निदान जॉइंट सेक्रेटरी लागतो. मी रिटायर झालो अंडर सेक्रेटरी म्हणून. माझी धाव डिसमेडपर्यंत."

हसू नका, माणूस खरंच असा बोलतो. उभा जन्म केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात गेला, नाराजीच्या पत्रांचे मसुदे लिहिण्यात. तिथे म्हणे नाराजीलाही हुद्दा असतो. खालच्याने नुसतं डिसअपॉइंटेड व्हायचं, वरच्याने त्याहून जास्त, आणि 'अलार्म्ड' हा शब्द तर मंत्र्यांच्या सहीशिवाय दाराबाहेर पडायचा नाही. एकदा सेक्शनमधल्या एका नव्या बाईंनी साध्या पत्रात तो घातला. काकांनी खोडला. "मी म्हटलं, बाई, सगळ्यात मोठा शब्द आपणच वापरून टाकला तर मंत्र्यांनी काय करायचं? नुसती सही?"

मी पुण्याची, नोकरी नोएडातल्या कंपनीची, पण काम बहुतेक दिवस दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरूनच. काकांचं दार माझ्या दारासमोर. त्यांना मराठी ऐकणारा कान हवा असतो आणि मला काकूंच्या हातची आमटी, त्यामुळे दोघांचंही बरं चाललंय. आमटीत मीठ कमी पडलं की काका चमचा खाली ठेवून म्हणतात, "आय अ‍ॅम माइल्डली डिसहार्टन्ड." काकू मिठाची बरणी आपटून म्हणतात, "अहो, मीठ कमी आहे तर कमी आहे म्हणा ना! घरातल्या घरात कसली पत्रं पाठवताय?"

माझी लेक दिल्लीतच वाढलेली. एकदा मी तिला "अशी हिरमुसू नकोस" म्हटलं, तर तिला शब्दच कळेना.

"क्रेस्टफॉलन!" काका तत्परतेने म्हणाले.

तिला तोही कळेना.

"मतलब, मूड ऑफ," काकू म्हणाल्या. तेव्हा कुठे बाईसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. काका त्यावर संध्याकाळभर डिसमेड होते.

गेल्या महिन्यात काकूंच्या गळ्याला गाठ आली. हॉस्पिटलात सुई घालून तपासणीसाठी नमुना घेतला आणि डॉक्टरांनी शुक्रवारी या म्हणून सांगितलं. तो आठवडा कसा गेला ते मला विचारू नका. मी रोज काकांना विचारायची, "काका, ठीक आहात ना?" आणि ते रोज पेपर सरळ करत म्हणायचे, "फाइल पेंडिंग असताना शेरा मारायचा नसतो." माझं डोकंच फिरलं. माणूस आहे की दगड! बायकोच्या गळ्याला गाठ, आणि ह्यांना फाइल सुचतेय!

गुरुवारी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर काका. इस्त्रीच्या शर्टाशिवाय दुधाची पिशवीसुद्धा आत न घेणारा हा माणूस चक्क बनियनवर उभा होता. हातात काकूंचा फोन.

"मृणाल, ही घरात नाही गं. मी झोपलो होतो. उठून बघतो तर नाही. फोन घरीच राहिलाय. मला फार भीती वाटतेय."

मी नवऱ्याचा हाताला लागला तो टी-शर्ट त्यांच्या गळ्यात घातला आणि खाली पळाले. गेटवरचा गार्ड म्हणाला, "आंटी तो ई-रिक्शा में मेट्रो की तरफ गई हैं." आम्हीही रिक्षा करून स्टेशन गाठलं. पण मेट्रोने कुठे गेल्या, कोण सांगणार? गेटशीच उभे राहिलो. काका बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईकडे मान उंचावून बघत होते.

"हॉस्पिटलने एक दिवस आधीच बोलावलं असेल का गं? लवकर बोलावतात म्हणजे वाईटच असतं ना?"

"काहीतरीच काय बोलता," मी दटावलं. पण मीही आता मान उंचावून बघायला लागले होते.

आणि काकू आल्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात पेरूंची पिशवी.

"अगंबाई! तुम्ही दोघं इथे? आणि हा टी-शर्ट कुणाचा?"

काकांनी नुसता फोन पुढे केला. मीच विचारलं, "काकू, कुठे गेला होतात?"

"हॉस्पिटलात. सकाळी फोन आला, डॉक्टर उद्या नाहीत, आजच या म्हणाले. काही नाही गं, साधी गाठ आहे. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले."

मला इतकं हलकं वाटलं की शेजारच्या ई-रिक्षावाल्याला मी उगाचच "सब ठीक है, भैया!" म्हणून टाकलं. तो म्हणाला, "अच्छा जी. बैठोगे?"

"पण काकू, एकट्या का गेलात?"

"ह्यांना कशाला न्यायचं! त्या दिवशी सुई टोचली मला, आणि खुर्चीवर बसवून पाणी पाजावं लागलं ह्यांना. फार घाबरतात गं. रात्री झोपही नाही. आज कुठे डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही."

आणि मी ह्या माणसाला दगड म्हणत होते! वळून बघितलं तर काका फुटपाथच्या कडेवर बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते.

"अहो, उठा. लोक बघतायत."

"बघू देत," काका म्हणाले. मग टी-शर्टाच्या बाहीने डोळे पुसून म्हणाले, "पुढच्या वेळी मला उठवायचं. मी घाबरीन, खुर्चीवर बसेन, पाणी मागेन. तुला त्रासच होईल माझा. पण मला बरोबर न्यायचं. असं एकटीने जाऊन ऐकायचं नाही."

काकूंनी पेरूंची पिशवी माझ्याकडे दिली, साडी सावरली आणि त्या काकांशेजारी फुटपाथवर बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या, "नेईन."