दत्ताची छाती कमी भरली

दहिसरला आमच्या चाळीमागे दगडाची खाण होती. सुरुंग लावला की तिथला माणूस शिट्टी मारत लाल झेंडा हलवायचा आणि लोक लांब पळायचे. दत्ता तेवढा घरातून निघून खाणीकडे जायचा. झेंड्याच्या अलीकडे ताठ उभा राहायचा. हात खिशात, कानांवर जाऊ नयेत म्हणून. सुरुंग उडाला की त्याचं तोंड आक्रसायचं. मग मला विचारायचा, "कालच्यापेक्षा कमी घाबरलो ना?"

"नाही रे."

"मग उद्या परत. तयारी पाहिजे यार."

दत्ता शेजारच्या खोलीत आईबरोबर राहायचा. आम्ही दोघं एकाच कारखान्यात कामाला. त्याच्याइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. दिवाळीत तो कानांत कापूस घालून फिरायचा. एकदा बसचा टायर फुटला, तर हा थेट माझ्या मांडीवर. आणि हाच मिलिटरीत जायचं म्हणत होता.

त्याचा मोठा भाऊ विष्णू चीनच्या लढाईत गेला. घरी फक्त तार आली. तेव्हापासून चाळीत जो भेटेल तो दत्ताच्या पाठीवर थाप मारायचा, "आता तुझा नंबर." दत्ता "होय तर" म्हणायचा आणि घरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायचा. त्याची आई, आमची काकी, यावर एक अक्षर बोलायची नाही.

पुढे पुन्हा लढाईच्या बातम्या आल्या. चाळीतल्या खिडक्यांना काळे कागद लागले. दत्ता सकाळीच माझ्या दारात. "भरती चालू आहे. तू चल. एकटा गेलो तर वाटेतूनच परत येईन."

गेलो. मैदानात चड्डीवर उभ्या पोरांच्या रांगेत दत्ता थंडी वाजल्यासारखा कापत होता. हवालदार म्हणाला, "सीना फुलाओ." दत्तानं श्वास घेतला तो सोडेचना. डॉक्टरनं गुडघ्यावर मारायला छोटी हातोडी उचलली, तर हा म्हणाला, "साहेब, आवाज होणार काय?" डॉक्टरसुद्धा हसला.

मला वाटलं, सुटलो. पण दत्ता कपडे चढवत बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "पास केला रे. सोमवारी सामान घेऊन बोलावलंय."

स्टेशनाकडे चालताना त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. मी लावून दिली. तेव्हा तो म्हणाला, "विष्णू माझ्यापेक्षा भित्रा होता, ठाऊक आहे? घरात पाल दिसली की मला हाक मारायचा. तिकडे त्यानं कुणाला हाक मारली असेल?"

स्टेशनावर मी दोन तिकिटं काढली.

चाळीत आलो तर काकी दारात उभी. चूल सकाळपासून पेटलेली नव्हती.

"काय झाला?" तिनं विचारलं.

दत्ता तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाय घेतल्यानी. छाती कमी भरली."

काकी दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. थोड्या वेळानं उठली आणि तांदूळ धुवायला घेतले.

दत्ताची छाती कमी भरली, हे दुसऱ्या दिवशी चाळभर झालं. पाठीवर थाप मारणारे आता छातीकडे बोट दाखवून हसायचे. तोही हसायचा. सोमवार आला, गेला. खरं काय ते मी कुणाला सांगितलं नाही.

बऱ्याच दिवसांनी एकदा तो गॅलरीत आईच्या लुगड्याची घडी घालत होता. मी म्हटलं, "काकीसाठी खोटं बोललास ना?"

घडी नीट बसेना, म्हणून त्यानं ती परत मोडली.

"तसंच म्हणत जा तू," तो म्हणाला. "बरं वाटतं ऐकायला. पण तिच्या तोंडाकडे बघून घाबरलो की आधीच घाबरलेला होतो, माझं मलाच कळत नाही रे."