कणगीतलं अंतराळयान

सुतळी हातात आली, तिथेच जयाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

धान्याच्या कणगीत उतरल्यावर झाकण आतून ओढून घ्यायला तिने ती बांधली होती. झाकण बसलं, चांगलं घट्ट बसलं, आणि सुतळी तेवढी खाली आली. जया दचकली. (ती पाल दिसली की दचकायची, आणि न दिसली तर जास्त दचकायची.) पण आपण बी.एस्सी. आहोत, तेही फिजिक्स घेऊन, असं तिने स्वतःला बजावलं.

रशियाचा माणूस पृथ्वीला फेरी मारून आला त्याला वर्ष झालं होतं. आज तीन वाजता रिहे गावच्या शाळेत जया त्यावर बोलणार होती. भाषण जमलं तर शाळेत नोकरी, नाहीतर सासूबाईंबरोबर शेतावर पालापाचोळ्याचा राब भाजायला, असं घरात ठरलं होतं.

"मानूस वर गेला, ते कळलं," सासूबाई, म्हणजे तुळजाबाई, सकाळी म्हणाल्या होत्या. "खाली कसा येतोय?"

"ते आधीच ठरवतात, आत्या. परतीची सोय पहिली, मग उड्डाण."

"आसं व्हय! लई शानी मानसं हायेत."

एवढ्याशा जागेत माणसाला कसं वाटतं हे अनुभवाने सांगावं, म्हणून जया रिकाम्या कणगीत उतरली होती. तयारी चोख होती. हवेसाठी खालच्या भोकातला चिंधीचा बोळा काढलेला. तांब्याभर पाणी, गजराचं घड्याळ, आणि अर्धीच भाकरी, कारण यानात तोळ्यातोळ्याचा विचार करावा लागतो. शिडीही आत घ्यावी असं क्षणभर वाटलं होतं. पण शिडी म्हणजे निव्वळ जादा वजन! ती बाहेर राहिली.

अर्ध्या तासात भाकरी संपली, तासाभरात धीर. कणगी दीड पुरुष उंच. लाथेने फुटली असती. पण आत्यांनी ती परवाच सारवली होती, आणि कणगी फोडणाऱ्या सुनेला शाळेत कोण धाडतं?

ती वाकली आणि भोकाला तोंड लावून ओरडली, "कुणी आहे का?"

कोंबडी आली. तिने भोकाला डोळा लावला. जया किंचाळली, कोंबडीही किंचाळली, आणि पृथ्वीशी संपर्क तुटला.

तेवढ्यात अडीचचा गजर झाला. जया अशी उडाली की तांब्या लवंडला.

"आत्याऽऽ!"

भोकाशी पुन्हा डोळा आला. या वेळी कोंबडीचा नव्हता.

"जये? सकाळी खाली कसा येतोय ते इचारलं," तुळजाबाई म्हणाल्या. "वर कसा येतोय ते इचारायचंच ऱ्हायलं बग. थांब, काढते. साळंत मीबी येते आज. शिडी घिऊन."