शाल्मलीबाईसाहेबांनी परदेशस्वारीस रुकार दिला त्याची हकीकत

श्रीकुलस्वामी समर्थ. लिहिणाराचे हाती सत्य राहो, ऐकणारांचे उरी धीर राहो. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तले ते जैसे घडले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव लिहू नये ऐसी आज्ञा, सबब लिहिले नाही. राज्य म्हणावे तर तीन माणसांचे, गड चौथ्या मजल्यावरी, गडास लिफ्ट, ती बहुतकरून बंद. गादीवरी कौस्तुभराव, बँकेत मोठे हुद्देदार, स्वभावे शांत. त्यांच्या पत्नी विशाखाबाईसाहेब, औषधांच्या कंपनीत अधिकारी, बोलणे नेमके. आणि उभयतांची एकुलती कन्या शाल्मलीबाईसाहेब, वय सोळा, इयत्ता अकरावी. या कन्येचा पराक्रम सर्व आप्तांस ठाऊक. मागे कूर्गची स्वारी जाहली तेव्हां हॉटेलात वायफाय नाही म्हणोन त्यांनी खोलीबाहेर पाऊल टाकिले नाही, आणि मावसभावाचे लग्नास निघाले असता कोणते जॅकेट घालावे यावरून ऐसे रण माजले की गाडी पनवेलाहून माघारी फिरवावी लागली. सबब वैशाखात परदेशी जावे ऐसा बेत ठरला तेव्हां उभयता राजाराणी धास्तावोन दिवाणखान्यात बसले, मध्ये चहा ठेविला, आणि मग कन्येस बोलाविले.

कौस्तुभरावांनी घसा साफ करोन विचारिले, "शाल्मली, सिंगापूर कसं वाटतं तुला?" बाईसाहेब बोलिल्या, "चालेल." राव चकित जाहले, आणि मग म्हणाले, "किंवा युरोप. आईला बर्फ बघायचाय." उत्तर आले, "चालेल बाबा." तेव्हां विशाखाबाईंनी बशी खाली ठेविली आणि परीक्षा पाहावी या हेतूने बोलिल्या, "युरोप म्हणजे ग्रुप टूर हं. मोठी बस, बसमध्ये अंताक्षरी, सकाळी सहाला उठायचं." कन्या म्हणाली, "छान वाटेल." बाई म्हणाल्या, "आणि सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे." कन्या म्हणाली, "घालीन ना. कुठला रंग?" हे शब्द कानी पडताच उभयतांचे तोंडचे पाणी पळाले. चहा निवोन गेला, कोणी प्याले नाही. कन्या उठली, तिघांच्या कपबशा उचलिल्या, आणि मोरीत नेऊन स्वहस्ते विसळिल्या. ऐसा चमत्कार त्या राज्यात पूर्वी कोणी पाहिला नव्हता.

मग राजाराणी घाबरे जाहले. विशाखाबाईंनी कपाळास हात लावोन ताप पाहिला, ताप नव्हता. वेणी घालते ऐसे निमित्त करोन केसांस सिगरेटीचा वास येतो की काय तेही पाहिले, शिकेकाईचा वास आला. राव कचेरीतून फोन करोन विचारिते जाहले, "कोणी मुलगा वगैरे आहे का गं?" बाई म्हणाल्या, "मुलगा असता तर ती यायला नाही म्हणाली असती. मला काहीतरी वेगळंच वाटतंय." आणि कन्येचे वर्तन दिवसेंदिवस अधिकच भयंकर होत चालिले. भाजी दुधीची केली तरी जेवावे, अभ्यासास न सांगता बसावे, दार आपटू नये. संध्याकाळी आईबापांचे मध्ये येवोन सोफ्यावरी बसावे आणि दोघांसही पुसावे, "आज कसा गेला दिवस?" शेजारीण सुलभाताई म्हणाल्या, "किती समजूतदार झाली हो तुमची मुलगी!" ते ऐकोन विशाखाबाईंनी त्या रात्री पुन्हा एकवार ताप पाहिला.

ऐसे चालिले असता तिघेजण शनिवारी सफरवाले दिघे यांचे कचेरीत गेले. दिघे मोठे बोलके गृहस्थ, तोंडी गोड, भिंतीवरी बर्फाच्या डोंगरांची चित्रे. त्यांनी पासपोर्ट पाहिले, तारखा मांडिल्या, आणि मग हसोन बोलिले, "वा! तुमच्या लग्नाचा वाढदिवस बरोब्बर स्वित्झर्लंडमध्ये, लुझर्नला येतोय की! केक सांगून ठेवू? आमच्याकडून भेट." तेव्हां कौस्तुभरावांनी खिडकीबाहेर पाहिले, आणि विशाखाबाईंनी पर्सची चेन उघडिली आणि लाविली. इतक्यात शाल्मलीबाईसाहेब बोलिल्या, "हो, सांगा. मोठा सांगा." दिघे म्हणाले, "वरती काय लिहायचं बाळ?" आणि मग ती सोळा वर्षांची कन्या आईबापांकडे वळली आणि म्हणाली, "मी काही मागणार नाही. भांडणार पण नाही, कधीच नाही. सगळीकडे येईन. मग तरी राहाल का तुम्ही एकत्र?"

दिघे यांचे हातीचे पेन हातीच राहिले. मग ते सज्जन गृहस्थ हळूच उठले, "मी जरा चहाचं सांगून येतो" ऐसे म्हणोन बाहेर गेले आणि काचेचे दार ओढोन घेतले.

या स्थळी मागील वर्तमान सांगणे प्राप्त आहे. उभयतांनी विभक्त व्हावे ऐसा ठराव दिवाळीतच केला होता. तंटा नाही, तिसरे माणूस नाही, परंतु एकत्र नांदणे होईना. कन्येस एक स्वारी सुखाची घडवावी आणि परत आलियावरी सांगावे, ऐसी मसलत त्यांनी एके दुपारी स्वयंपाकघरात केली. त्या दिवशी कॉलेजातील तास बुडाला होता. कन्या आपुले किल्लीने आत आली, चपला हाती होत्या, आणि तिने सर्व ऐकिले. मग पावलाचा आवाज न करिता खाली उतरली, इमारतीच्या टाकीपाशी बसोन राहिली, आणि नंतर वर येवोन बेल वाजविली. आईने दार उघडोन पुसिले, "भूक लागलीय का?" ती म्हणाली, "चालेल." तो तिचा पहिला चालेल होय.

कन्येने हे सर्व तेथेच सांगितले, तेव्हां विशाखाबाईंनी पर्स खाली ठेविली. मग म्हणाल्या, "शाल्मली, तुझ्या भांडणामुळे नाही गं हे." कन्या म्हणाली, "मग कोणामुळे?" बाई बोलिल्या, "बाबा चांगले आहेत. मीही वाईट नाही. पण संध्याकाळी त्यांच्या पावलांचा आवाज आला की नको, आत्ताच नको, असं वाटतं मला. आणि तेही वर येता येता तिसऱ्या मजल्यावर थांबतात. बराच वेळ थांबतात." कौस्तुभराव दचकोन म्हणाले, "तुला माहीत होतं?" बाई म्हणाल्या, "रोज ऐकते. आवाज थांबतो तो कळतो मला." कन्या बापाकडे पाहातच राहिली. ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही दमता. जिन्यामुळे." रावांनी मान हालविली आणि चष्मा काढोन पुसला, आणि पुसतच राहिले.

मग कन्येचा क्रोध उसळला तो ऐसा की पनवेलचे रण त्यापुढे काहीच नव्हे. ती म्हणाली, "आणि तुम्ही मला तिकडे नेऊन हसायला लावणार होतात? बर्फात? मी आयुष्यभर म्हटलं असतं, ती आमची सगळ्यात मस्त ट्रिप होती. आणि ते सगळं खोटं असतं! तुम्हाला दोघांना माहीत आणि मला एकटीलाच नाही!" राव म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुला एक चांगली आठवण..." ती ओरडिली, "मला कोणी विचारलं होतं?" तेव्हां उभयतांस प्रथमच उमजले की आपण देणगी समजोन जे देत होतो ते काय होते. दिघे चहा घेवोन आले, दारातूनच माघारी गेले.

त्यानंतर कित्येक दिवस गडावरी कोणी परदेशाचे नाव काढिले नाही. कन्या जेवावयास येई, आणि जेवोन दार आपटोन आत जाई. मग एके सकाळी पोहे खात असता ताट सारोन आपण होवोन बोलिली, "जायचं तर जाऊ. पण युरोप नाही. ती बस तर अजिबात नाही. व्हिएतनामला जायचं, मला तिथली स्कूटरवाली गर्दी बघायचीय. खोल्या दोन, मी आईबरोबर. आणि एकमेकांशी मुद्दाम गोड बोलायचं नाही." विशाखाबाई म्हणाल्या, "व्हिएतनाममध्ये बर्फ कुठे मिळणार?" कन्या म्हणाली, "मग बर्फ बघायला तू तुझी जा ना! एकटी जा. मैत्रिणींबरोबर जा. कोण अडवतंय आता?" हा बोल विशाखाबाईंस विजेसारखा लागला. त्या हसू लागल्या, हसता हसता रडू लागल्या, आणि राव घाबरोन पाणी आणावयास धावले.

वैशाखात स्वारी जाहली. ती सुखाची जाहली ऐसे लिहवत नाही, दुःखाची ऐसेही लिहवत नाही. रस्ता ओलांडताना स्कूटरांच्या महापुरात तिघे मध्येच अडकले आणि एकमेकांचे हात घट्ट धरोन पलीकडे गेले. एके रात्री जेवताना उभयता जुने कशावरूनसे भांडले, आणि कन्या उठोन नदीकाठी एकटी जाऊन बसली. तेव्हां समजूत घालावयास दोघेही निघाले, परंतु वाटेत थांबोन विशाखाबाई म्हणाल्या, "तुम्ही जा. आज तुम्हीच जा." आणि राव गेले.

परत आलियावरी विमानतळाबाहेर दोन टॅक्सी उभ्या राहिल्या, कारण रावांनी नवी जागा घेतली होती आणि सामान आधीच तिकडे गेले होते. कन्या दोहोंचे मध्ये बॅग धरोन उभी. मग ती आईस म्हणाली, "बाबांचं घर मी बघितलंच नाहीये. आज तिकडे जाते. तू पण चल, पडदे कसले लावायचे ते बघ." विशाखाबाईंनी क्षणभर त्या टॅक्सीकडे पाहिले, आणि कन्येचे केस कानामागे सारोन बोलिल्या, "पडद्यांचं तुम्ही दोघं बघा. उद्या जेवायला ये. दुधी करणार नाही." आणि एकटीच आपुले टॅक्सीत बसल्या, काच खाली केली, हात हालविला, आणि गेल्या.

येणेप्रमाणे एका राज्याची दोन जाहली. लढाई नाही, शत्रू नाही, दोहींकडील माणसे भली. कन्या दोन्ही गडांवरी नांदते, दोन्हीकडे भांडते. आईबापांस अल्लड वाटलेली पोर सर्व जाणोन महिनाभर एकटीने राज्य सावरीत बसली होती, हे आठविले म्हणजे लिहिणारा अद्यापि थक्क होतो. घडले ते इतकेच. लेखनसीमा.